शहर-वाहतुकीचे नवे रूळ : मालकी कोणाची?

केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. २५ जून २०१५ रोजी तिचा आरंभ झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती. मुदतवाढ मिळत मिळत ती दहा वर्षांच्या घरात गेली. शंभर शहरे, केंद्राचा वाटा ४८ हजार कोटी रुपयांचा आणि तेवढीच रक्कम राज्यांनी व महापालिकांनी घालावयाची, असा तिचा मूळ हिशेब होता. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर ही महाराष्ट्रातील आठ शहरे तिच्यात होती. योजनेने शहरे शहाणी झाली किंवा नाही, याबद्दल मतभेद राहणारच. रुंद केलेले पदपथ आणि सुशोभित केलेले चौक सर्वांना दिसतात आणि त्यांवर सर्वांना बोलता येते. योजनेने मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि पुढली दहा-पंधरा वर्षे महापालिकांच्या तिजोरीस तिचा भार वाहावयाचा आहे.

ही गोष्ट म्हणजे शहरातील बसगाड्या, सिग्नल, तिकीट-यंत्रे, कॅमेरे आणि थांब्यांवरील फलक यांना एकमेकांशी जोडणारी संगणकीय यंत्रणा. योजनेतील सर्व शहरांत नियंत्रण कक्ष उभारण्यात आले. भिंतभर पडदे, त्यांवर शहराचा नकाशा आणि नकाशावर सरकणारे ठिपके, असे त्यांचे रूप उद्घाटनाच्या छायाचित्रांतून आपण पाहिले आहे. या ठिपक्यांमागे जी यंत्रणा काम करते तिला या धंद्यातील लोक ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. आपल्याकडे प्लॅटफॉर्म म्हणजे रेल्वेचा फलाट, आणि ही उपमा अगदीच चुकीची नाही. फलाटावर कोणतीही गाडी येऊन उभी राहू शकते अशी आपली समजूत असते. वास्तविक ज्या रुंदीचे रूळ टाकलेले असतील त्याच रुंदीची गाडी तेथे येऊ शकते.

माझे बालपण मिरजेच्या परिसरात गेले. मिरज जंक्शनात त्या काळी तीन निरनिराळ्या रुंदीचे रूळ येऊन मिळत. पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झालेला होता, बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज जात होती आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरोगेज. लहान मुलाला त्याची मौज वाटे. व्यापाऱ्याला ती वाटण्याचे कारण नव्हते. रूळ बदलला की एका वाघिणीतील पोती उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावी लागत. त्यात वेळ जाई, हमाली पडे, आणि वाटेत काही माल सांडे तो निराळाच. हे दुखणे आले कोठून? १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली ती साडेपाच फुटी रुळांवरून. पुढे १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या सरकारने खर्चात काटकसर व्हावी म्हणून मीटरगेज स्वीकारली. त्या वेळी वाचलेला पैसा कागदावर खराच होता. पण १९९२ मध्ये सर्व देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला, आणि तीन दशके उलटल्यावरही त्याची शेपटी शिल्लक राहिली. निर्णय घेणाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशेब केला. निर्णय सव्वाशे वर्षे पुरला.

शहर-वाहतुकीच्या क्षेत्रात आज आपण असेच रूळ टाकीत आहोत. ते लोखंडाचे नाहीत एवढाच फरक.

बसमध्ये बसविलेली एक लहानशी पेटी उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण ओळखते, आणि मोबाइल फोनमध्ये असते तशा सिमकार्डाद्वारे दर काही सेकंदांनी ते मध्यवर्ती संगणकास कळविते. संगणक ते वेळापत्रकाशी ताडून पाहतो, पुढील थांब्यावर बस किती मिनिटांत पोहोचेल याचा अंदाज बांधतो आणि तो थांब्यावरील फलकास व प्रवाशाच्या फोनला पाठवितो. सिग्नलचा प्रकार थोड्याफार फरकाने हाच आहे : रस्त्यावरील वाहने मोजणारे उपकरण, निरोप, मध्यवर्ती हिशेब आणि त्यानुसार हिरव्या दिव्याची कमीजास्त होणारी वेळ. म्हणजे या व्यवहाराचे तीन भाग पडतात. एक पेटी, दुसरी निरोपाची भाषा आणि तिसरी मध्यवर्ती यंत्रणा. आपल्याकडे हे तिन्ही भाग बहुधा एकाच निविदेत, एकाच विक्रेत्याकडून घेतले जातात, आणि खरी गोम येथेच आहे. पेटी जी भाषा बोलते ती त्या विक्रेत्याच्याच यंत्रणेस कळत असेल, तर उद्या दुसऱ्या कंपनीच्या पेट्या निम्म्या किमतीत मिळाल्या तरी त्या घेता येत नाहीत. आणि यंत्रणा बदलावी म्हटले तर शेकडो बसगाड्यांतील पेट्या उपटून काढाव्या लागतात.

दहा विक्रेत्यांचा एक विक्रेता

२००९ साली ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले ते ऑलिव्हर विल्यमसन यांनी या परिस्थितीचे मर्म फार पूर्वी सांगून ठेवले आहे. काही करार असे असतात की, ते होण्यापूर्वी बाजारात दहा विक्रेते असतात आणि खरेदीदार राजा असतो. करारावर सही झाली आणि त्या विशिष्ट विक्रेत्याला अनुरूप अशी गुंतवणूक एकदा करून झाली, की दहांचा एक होतो. मग स्पर्धा उरत नाही. उरतात ती एकमेकांत अडकलेली दोन माणसे, आणि त्यांतील ज्याला सोडून जाणे अधिक महाग पडते तो नमते घेतो. महापालिकेला सोडून जाणे नेहमीच अधिक महाग पडते. विक्रेत्याला शंभर गिऱ्हाइके असतात. शहराला बसव्यवस्था एकच असते.

सरकारी खरेदीची आपली पद्धत मात्र सहीपूर्वीच्या त्या एका दिवसाभोवती फिरते. निविदा मोहोरबंद होती का, उलाढालीची अट पुरी झाली का, सर्वांत कमी दर कोणाचा, हे पाहण्यासाठी नियमांचे जाळे विणलेले आहे. अलीकडे दर्जाला आणि दराला एकत्र गुण देण्याचीही प्रथा पडली आहे व ती चांगलीच आहे. पण खुर्च्या-टेबले किंवा डांबर विकत घेताना जी सावधगिरी पुरते ती येथे पुरत नाही, कारण येथे आपण वस्तू घेत नसून दहा वर्षांचा संसार मांडीत असतो. पहिल्या वर्षी देकार कमी टाकावा आणि पुढे देखभालीच्या व प्रत्येक फेरफाराच्या आकारात तो वसूल करावा, हे कोणत्याही हिशेबी विक्रेत्यास सुचणारच. त्यात त्याचा दोष नाही. दोष असेल तर तो गिऱ्हाइकाचा.

आमच्या महाविद्यालयासमोरच्या थांब्यावर काही वर्षांपूर्वी असा एक फलक लागला. (शहराचे नाव सांगत नाही, अनेक शहरांतील वाचकांना ते आपलेच वाटेल.) प्रारंभी काही महिने तो बिनचूक चालला, आणि विद्यार्थी घड्याळाऐवजी त्याच्याकडे पाहू लागले. पुढे केव्हातरी तो एका आकड्यावर थांबला. ‘७ मिनिटे’ ही अक्षरे जवळजवळ दोन सत्रे तेथे झळकत होती. चौकशी केली तेव्हा समजले की, देखभालीच्या कराराची मुदत संपली आहे, नव्या कराराचा दर मूळच्या मानाने बराच चढा मागितला जात आहे, आणि दुसऱ्या कोणाला काम द्यावे तर आतील भाषा त्याला अवगत नाही. फलक अखेर काढण्यात आला. त्याचा खांब अजून उभा आहे.

यंत्रणांचे आयुष्य

विक्रेता प्रामाणिक असला तरी निभावत नाही, असाही एक प्रश्न आहे आणि तो आयुष्यमानाचा आहे. बस दहा-बारा वर्षे चालते. सिग्नलचा खांब त्याहून अधिक टिकतो. त्यांना जोडणारी यंत्रणा किती वर्षे जगते? गूगल कंपनीने उपकरणे जोडण्यासाठी ‘आयओटी कोअर’ नावाची सेवा २०१७ मध्ये जाहीर केली आणि १६ ऑगस्ट २०२३ रोजी ती कायमची बंद केली. आयबीएमने आपली ‘वॉटसन आयओटी’ ही तशीच सेवा त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद केली. सिस्कोने तर खास शहरांसाठी म्हणून ‘कायनेटिक फॉर सिटीज’ नावाची प्रणाली काढली होती. २०२० च्या अखेरीस तिची विक्री थांबविण्यात येत असल्याचे जाहीर झाले. या काही गल्लीबोळातल्या कंपन्या नव्हेत. निविदेतील उलाढालीची आणि अनुभवाची कोणतीही अट त्यांनी चुटकीसरशी पुरी केली असती. धंदा फायद्याचा राहिला नाही म्हणून त्यांनी तो गुंडाळला. खासगी कंपनीने दुसरे काय करावे?

केवळ निरोप वाहून नेणारे जाळे बदलले तरी काय होते, ते सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ च्या जानेवारीत पाहिले. तेथील बसमधील पेट्या जुन्या ‘टू-जी’ जाळ्यावर चालत. मोबाइल कंपनीने २०१६ संपताच ते जाळे बंद केले. ही तारीख तिने काही वर्षे आधीपासून जाहीर करून ठेवली होती. तरीही पुष्कळशा बस थांब्यावरील फलकांवरून एकाएकी अदृश्य झाल्या. बस धावत होत्याच, पण त्या कोठे आहेत हे प्रवाशाला कळेनासे झाले. संगणकक्रांतीची राजधानी मानल्या जाणाऱ्या प्रदेशातील ही कथा आहे. आपल्याकडे टू-जी अद्याप चालू आहे म्हणून निर्धास्त राहणे बरे नव्हे.

लंडनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात चूकही आहे आणि दुरुस्तीही. तेथील बस व भुयारी रेल्वेसाठी ‘ऑयस्टर’ नावाचे तिकीट-कार्ड २००३ मध्ये सुरू झाले. त्याचा करार १९९८ मध्ये ‘ट्रान्सिस’ नावाच्या कंपन्यांच्या संघाशी झालेला होता आणि मुदत सतरा वर्षांची होती. प्रवाशांनी कार्ड डोक्यावर घेतले. २००८ च्या जुलैत मात्र ही यंत्रणा एकाच महिन्यात दोनदा कोलमडली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील नाइमेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी या कार्डातील चिपचे कुलूप कसे उघडता येते ते दाखवून दिले. चिप बनविणारी कंपनी न्यायालयात गेली, पण न्यायालयाने त्यांच्या संशोधनाचे प्रकाशन रोखण्यास नकार दिला. लंडनच्या वाहतूक मंडळाने करार २०१० मध्येच संपविण्याचे ठरविले. तेव्हा लक्षात आले की, लक्षावधी लंडनकरांच्या खिशात असलेल्या कार्डाचे ‘ऑयस्टर’ हे नावसुद्धा मंडळाच्या मालकीचे नाही. ते नाव दहा लाख पौंड मोजून विकत घ्यावे लागले. आणि जुना करार मोडून नवा केला तो कोणाशी? त्याच संघातील दोन प्रमुख भागीदार कंपन्यांशी. सोडून जाणे महाग पडते म्हणतात ते असे.

त्यानंतर मंडळाने जे केले ते मात्र वाखाणण्यासारखे आहे. प्रवाशाचे बँकेचे साधे कार्डच तिकीट म्हणून चालावे, अशी व्यवस्था त्याने आपल्या पदरी अभियंते ठेवून स्वतः घडविली. २०१२ च्या डिसेंबरात ती बसमध्ये आणि २०१४ च्या सप्टेंबरात भुयारी रेल्वेत सुरू झाली. २०१६ मध्ये हीच विद्या इतर शहरांत विकण्याचा परवाना एका कंपनीने मंडळाकडून घेतला, दीड कोटी पौंडांपर्यंतच्या मोबदल्यात. ती कंपनी म्हणजे जुन्या संघातील एक भागीदार. आठ वर्षांत गिऱ्हाईक विक्रेता झाले!

सिंगापूरसारखे नियोजनात मुरलेले सरकारही घसरते. २०२४ च्या जानेवारीत तेथील वाहतूक प्राधिकरणाने जुनी कार्डपद्धती बंद करून सर्वांना नव्या खातेपद्धतीवर नेण्याचे जाहीर केले. नव्या पद्धतीत शिल्लक रक्कम कार्डात नव्हे, तर मध्यवर्ती खात्यात राहते. त्यामुळे फाटकातून जाताना किती कापले गेले आणि किती उरले, हे यंत्रावर दिसेनासे झाले. तंत्रज्ञांच्या दृष्टीने बाब क्षुल्लक होती. वृद्ध प्रवासी, विद्यार्थी आणि रोजच्या पैशांचा रोज हिशेब ठेवणारे लोक यांना ती क्षुल्लक वाटली नाही. दोन आठवड्यांच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली आणि जुनी पद्धत चालू ठेवण्यासाठी चार कोटी सिंगापुरी डॉलरची तरतूद करावी लागली. यंत्रणा निवडताना थांब्यावरच्या माणसाला विचारले गेले नव्हते, हे त्यामागचे साधे कारण.

तराजू कोणाच्या हाती?

येथवर वाचून कोणी म्हणेल की, फलक बंद पडला तर पडो, बस आली म्हणजे झाले. पूर्वी फलक नव्हतेच. हा युक्तिवाद काही वर्षांपूर्वी मान्य करता आला असता. आता बस चालविण्याची पद्धतच बदलली आहे.

महापालिकांचे वाहतूक उपक्रम पूर्वी स्वतःच्या बस स्वतःच्या चालकांकडून चालवीत. अलीकडे विजेच्या बससाठी ‘ठोक खर्च करार’ रूढ झाले आहेत. बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, आणि महापालिका त्याला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर देते. प्रवासी किती बसले याच्याशी कंत्राटदाराचा संबंध नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा ही दहा हजार बसची योजना याच तत्त्वावर आखलेली आहे, आणि केंद्राचे साहाय्यही किलोमीटरच्याच हिशेबाने मिळावयाचे आहे. पद्धत वाईट नाही; तोट्यातील उपक्रमांना एकदम मोठे भांडवल उभारावे लागत नाही. मात्र तिचा सारा डोलारा एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे : बस किती किलोमीटर धावली?

हे उत्तर देते ती पेटी. तीच सांगते की फेरी झाली की बुडाली, बस वेळेवर सुटली की उशिरा, थांब्यावर थांबली की तशीच पुढे गेली. दंड त्यावर, देयक त्यावर. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर बस, प्रत्येकी रोज २०० किलोमीटर, दर किलोमीटरला ६० रुपये. म्हणजे दिवसाचे देयक १२ लाख रुपयांचे झाले. मोजणीत शेकडा तीन इतकीच तफावत राहिली, तर दिवसाला ३६ हजार आणि वर्षाला १ कोटी ३१ लाख रुपयांचा फरक पडतो. तो कोणाच्या बाजूने पडेल, हे तराजू कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून आहे. पेटी कंत्राटदाराची, यंत्रणा त्याने निवडलेली आणि महापालिकेच्या हाती फक्त महिनाअखेरचा छापील गोषवारा, अशी स्थिती असेल तर लेखापरीक्षकाने तपासावे तरी काय? मंडईतील वजनमापांवर शासनाचा शिक्का असावा असा आपण आग्रह धरतो. कोट्यवधी रुपयांच्या या मापाला शिक्का कोणाचा?

सिंगापूरने आपल्या बससेवेची कंत्राटे देताना या बाबतीत शहाणपण दाखविले. २०१६ पासून तेथे मार्गांचे गट निविदेने खासगी कंपन्यांना दिले जातात. पण बस, आगारे आणि बसच्या हालचालींवर देखरेख ठेवणारी यंत्रणा ही सर्व सरकारी प्राधिकरणाच्या मालकीची आहेत. कंपनी बदलली तरी माप बदलत नाही.

भाषा खुली असावी

मग उपाय काय? सर्व काही सरकारने स्वतः करावे, असे मला म्हणावयाचे नाही. पेट्या, फलक, सिमकार्डे, संगणकाची जागा ही बाजारातूनच घ्यावी. तेथे स्पर्धा आहे आणि ती उपयोगी आहे. शहराने आपल्या हाती ठेवावयाच्या गोष्टी दोनच : निरोपाची भाषा आणि साठलेली माहिती.

भाषा खुली असली म्हणजे काय घडते, याचे सुंदर उदाहरण अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे आहे. २००५ मध्ये तेथील ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेने गूगलच्या सहकार्याने आपले वेळापत्रक एका ठरावीक, साध्या नमुन्यात प्रसिद्ध केले. कोणता मार्ग, कोणते थांबे, कोणत्या वेळा. कोणालाही वाचता येतील अशा मजकुराच्या काही फायली, याहून त्यात अधिक काही नव्हते. ‘जीटीएफएस’ या नावाने तो नमुना आज जगभर वापरला जातो. भारतात कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपली माहिती अशा प्रकारे खुली केली, आणि त्याच वर्षी दिल्ली सरकारने इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने बसगाड्यांची चालू स्थितीसुद्धा सर्वांस उपलब्ध करून दिली. एखादा विद्यार्थीही त्या माहितीवरून प्रवाशांसाठी साधन तयार करू शकतो, आणि एक साधन बंद पडले तर दुसरे उभे राहते.

उपकरणांच्या संभाषणाचेही तसेच आहे. ‘एमक्यूटीटी’ नावाची एक भाषा १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर दुरून लक्ष ठेवण्यासाठी दोन अभियंत्यांनी तयार केली. क्षीण आणि महागड्या उपग्रह-संपर्कावरून थोडक्यात निरोप जावा, एवढाच त्यांचा हेतू होता. आज ती आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. बार्सिलोना शहराने याच विचाराने शहरातील संवेदक-उपकरणे जोडणारी ‘सेंटिलो’ ही यंत्रणा स्वतः घडविली आणि तिचा आराखडा सर्वांना फुकट खुला केला. कॅटलोनियातील इतर नगरपालिकांनीही ती उचलली.

आपल्याकडे मानके नाहीत असे नाही. प्रवासी वाहनांतील पेट्यांसाठी ‘एआयएस १४०’ हे मानक आहे, आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते लागू झाले. ४ मार्च २०१९ रोजी देशभर चालणारे एकच प्रवास-कार्ड जाहीर झाले. शहरांच्या माहितीच्या देवघेवीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने उभारलेली राष्ट्रीय व्यवस्थाही आहे. रूळ एका रुंदीचे असावेत हे दिल्लीला कळलेले आहे, असे यावरून दिसते. घोडे अडते ते महापालिकेच्या दारात. निविदेत ‘मानकांशी सुसंगत’ हे शब्द असतात. पण सुसंगती तपासून पाहणारा माणूस पगारपत्रकावर नसतो.

या ठिकाणी दुसऱ्या बाजूचे म्हणणे मांडणे न्याय्य होईल, कारण ते पोकळ नाही. अधिकारी सांगतात की, पाच विक्रेते पाच ठिकाणी बसविले तर बिघाड झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. एकच विक्रेता असला म्हणजे एकाच मानेला हात घालता येतो. खुली यंत्रणा फुकट मिळाली तरी ती चालविणे फुकट होत नाही, तिला जाणकार माणसे लागतात. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. लंडन आणि बार्सिलोना यांना जमले ते त्यांच्या पदरी अभियंते होते म्हणून. इचलकरंजी किंवा लातूरसारख्या महापालिकेने असे पाच-सात तज्ज्ञ बाळगावेत, ही अपेक्षा अवास्तव आहे. तेवढा पगार तिला परवडणार नाही, आणि परवडला तरी माणूस टिकणार नाही.

पण म्हणूनच हे काम प्रत्येक शहराने स्वतंत्रपणे करावयाचे नसते. नगररचनेसाठी राज्यशासनाचे खाते आहे आणि त्याचे जाणकार महापालिकांच्या उपयोगी पडतात. वाहतुकीच्या यंत्रणांसाठी तसाच एक लहान, कायम स्वरूपाचा तांत्रिक कक्ष राज्याने उभारावा. त्याने निविदेचा मसुदा करावा, पेट्यांची चाचणी घ्यावी, आणि विक्रेता बदलताना शहराच्या बाजूने टेबलावर बसावे. वीस-पंचवीस माणसांचा पगार हा राज्याच्या अंदाजपत्रकात नजरेतही न भरणारा खर्च आहे. योजनेच्या काळात सल्लागार कंपन्यांना आपण वारंवार पैसे दिले. अहवाल मिळाले. जाणकारी मात्र सल्लागाराबरोबर त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

माहितीच्या मालकीबद्दल एक शब्द सांगावयास हवा. कार्डाने प्रवास करणाऱ्या शिक्षिकेचा अथवा कारकुनाचा दिनक्रम त्या नोंदींवरून उलगडतो : घरून केव्हा निघाला, कोणत्या रुग्णालयाच्या थांब्यावर उतरला, रविवारी कोठे गेला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हा संमतीवर आधारलेला आहे. परंतु ज्याला बसखेरीज दुसरे साधन नाही त्याच्या संमतीला अर्थ किती? ही माहिती विक्रेत्याच्या गुदामात असण्यापेक्षा, जिला जाब विचारता येतो अशा संस्थेच्या कुलपात असलेली बरी.

जाब विचारण्यावरून आठवले. हे निर्णय ज्या काळात झाले तो काळ महाराष्ट्रात मोठा चमत्कारिक होता. स्मार्ट सिटीची कामे महापालिकेबाहेर, कंपनी कायद्याखाली स्थापलेल्या कंपन्यांनी केली. त्यातच २०२२ पासून बहुतेक मोठ्या महापालिकांत निवडणुकाच न झाल्याने प्रशासकांचा कारभार चालला. सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. २०२६ च्या जानेवारीत निवडणुका होऊन नगरसेवक पुन्हा आले आहेत. योजनेच्या मध्यावर झालेल्या देखभालीच्या करारांच्या मुदती आता संपत येतील, आणि त्यांच्या नूतनीकरणाचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतील. अशा करारांत ‘निर्गमन व्यवस्थापन’ या नावाचे एक प्रकरण शेवटच्या परिशिष्टांत असते. जुना विक्रेता गेल्यास नोंदी कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चाने हवाली करील, हे त्यात लिहिलेले असावयास हवे. नव्या करारावर हात वर करण्यापूर्वी नगरसेवकांनी जुन्या विक्रेत्याकडून गेल्या एका महिन्याच्या सर्व बसफेऱ्यांची मूळ नोंद त्या कलमाखाली मागून पाहावी, आणि ती हाती येईपर्यंत प्रस्ताव पुढल्या सभेवर ढकलावा.